आत्याची वही

माझी आत्या हाटपिपल्याहून रोज सकाळच्या मोटारीने नोकरीस जाते. कोठे, ते लिहीत नाही. गेल्या श्रावणात ती घरी परतली की हातपाय न धुताच ओसरीवर बसून राही. आजीने खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. तेथील एक वरिष्ठ गृहस्थ कामाच्या निमित्ताने तिला एकटीला थांबवीत आणि नको ते बोलत; शेजारचे लोक कागदांत तोंड खुपसून हसत.

बाबा म्हणाले, "सोडून दे ती नोकरी. घरात काय कमी आहे?" मीही मान डोलावली. आज ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

आत्या एवढेच म्हणाली, "दादा, चूक त्याची आणि नोकरी माझी जावी?"

त्याच सुमारास मी डॉ. आंबेडकरांचे चरित्र वाचीत होतो. आमच्याच माळव्यात, महूला, १८९१ साली जन्मलेले हे विद्वान परदेशी शिकून १९१७ साली बडोदे संस्थानच्या चाकरीत आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर दुरूनच फायली फेकीत. प्यावयास पाणी मिळेना. पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी! अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. जातीचा तो जाच आणि आत्याचा जाच एक नव्हे, हे मी जाणतो. परंतु नोकरी सोडून निघालेला तो तरुण माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

आत्यापाशी मात्र कायदा होता. राजस्थानातील भंवरीदेवींवर १९९२ साली झालेल्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ साली न्यायालयाने नियम घालून दिले आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्रीच हवी. तक्रार लेखी, आणि सामान्यतः तीन महिन्यांच्या आत.

आत्याने एका वहीत दिवस, वेळ, उच्चारलेले शब्द, सारे टिपून ठेविले होते. माझे अक्षर चांगले, म्हणून तक्रार उतरवून काढण्याचे काम मजकडे आले. दुसऱ्याच पानावर माझा हात थांबला. ते शब्द मला लिहवेनात. आत्या म्हणाली, "मी ते ऐकले आहेत रे. तू नुसते लिही."

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. काही बोलले नाहीत. समितीने बोलाविले त्या दिवशी मात्र दुकान बंद ठेवून ते तिच्याबरोबर मोटारीत बसले.

चौकशी अद्याप संपलेली नाही. आत्या सकाळी डबा घेऊन निघते. वही पिशवीत असते.