दऱ्या आणि दर्या

हाताखालच्या मुलीनं गेल्या महिन्यात विचारलं, ‘‘सर, सह्याद्रीच्या दर्या म्हणजे?’’ टायपिस्टची चूक, असं मी मान वर न करता सांगून टाकलं.

मुलगी चिवट. तिनं मूळ फाइल शोधली. तिथं ‘दऱ्या’ धडधडीत होतं. बाइट सोडवून दाखवले: र, हलन्त आणि मग २२६, १२८, १४१. म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारा जोडणारा. माझा प्रोग्रॅम फाइल वाचताना तो ‘अदृश्य कचरा’ म्हणून काढत होता आणि उरलेला र रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर बसत होता. ज्यांनी नुक्त्याचा ऱ वापरून टाइप केलं, त्यांच्या दऱ्या शाबूत. निम्म्याच फाइली बिघडत, म्हणून तर टायपिस्टला दोष देणं मला इतकी वर्षं जमलं.

आणि एन्कोडिंग तपासण्याबद्दल माझा केवढा तोरा! देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५. ही शिस्त पानभर योगायोगानं जुळत नाही. म्हणून आधी कडक यूटीएफ-८. अडखळलं की तिथंच थांबायचं. ‘इग्नोर’ लावून पुढे जाणाऱ्यांना मी भर बैठकीत हसलोय. बाइट गिळून वर ‘फाइल वाचली’ म्हणतात! मी तर अख्खा जोडणारा गिळत होतो, तोही तपासणी पास झाल्यावर.

जुन्या फाँटांच्या फाइलींपुढे ही तपासणी लंगडीच पडते. मराठी तिथं फाँटात असते, फाइलीत नसतेच. कुणी तो मजकूर तसाच उचलून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केला, की कडक तपासणीही मुकाट पास. मी मात्र नुसती गिचमिड पाहून सांगायचो, हा श्रीलिपी, हा शिवाजी. मुलं बघत राहायची आणि, खोटं कशाला बोलू, त्यासाठी मी कधीकधी मुद्दाम त्यांना बोलवून घ्यायचो. आता चष्म्याचा नंबर असा, की बारीक टाइपात ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ मला सारखेच दिसतात.

‘वार्या’, ‘पायर्या’ कुणाच्याही नजरेत येतील. छळतात ते दोन्हीकडून खरे शब्द. किती आचाऱ्यांना मी आचार्यांच्या पंक्तीला बसवलं असेल? जुन्या मूळ फाइली जागा हवी म्हणून पुसल्या. त्या पुसायला मीच सांगितलं होतं.

प्रोग्रॅममधली जॉइनर गिळणारी ती ओळ काढली. दुरुस्तीच्या नोंदीत नाव तिचं जायला हवं होतं. मी माझं घातलं.