कमाटी बागेतील चित्रांचे घर

आमचे पिंपळी हे बारामतीच्या जवळचे गाव. नीरेच्या डाव्या कालव्याने या भागात ऊस उभा केला, पण आमच्या वस्तीतल्या माणसांना उभे केले ते शिक्षणाने. म्हणून मुलगी बी.ए. झाली की घरात एकच प्रश्न निघतो, आता परीक्षा कोणती द्यायची? बँकेची, तलाठ्याची की पोलिसाची?

काही वर्षांपूर्वी माझी भाची इतिहास घेऊन बी.ए. झाली आणि तिने भलतेच सांगितले. "मामा, मला म्युझियममध्ये क्युरेटर व्हायचंय. युरोपातल्या जुन्या चित्रांचा अभ्यास करायचाय."

धाकटी बहीण रडकुंडीला आली. "दादा, तूच समजाव तिला. चित्रांनी कुणाचं पोट भरतं का?"

मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. म्युझियम म्हणजे सहलीत मुलांना मम्मी दाखवायची जागा, एवढीच माझी समज. त्याच सप्टेंबरात आम्ही काही कार्यकर्ते बडोद्याला संकल्पभूमीवर अभिवादनाला निघालो होतो. भाचीही बरोबर निघाली. वाटेत समजावू, असा माझा बेत होता. एस.टी.ने पुणे आणि पुढे रेल्वेने बडोदा. वाटेत मीच बोलत होतो, ती खिडकीबाहेर पाहत होती.

विश्वामित्री नदीकाठची सयाजी बाग १८७९ साली उभारली गेली. जुने लोक तिला कमाटी बाग म्हणतात. बाबासाहेबांना १९१३ मध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास परतले. अकौंटंट जनरलच्या कचेरीत त्यांना उमेदवारीवर नेमले. पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांनीही घरात घेण्याचे टाळले. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचे पाच तास त्यांनी या बागेत काढले. २३ सप्टेंबर हा दिवस आपण संकल्प दिन म्हणून पाळतो, तो याच प्रसंगामुळे.

अभिवादन झाले. डोळे पुसून आम्ही उठलो, तर भाची म्हणाली, "मामा, म्युझियम याच बागेत आहे. पाहून जाऊ." बाबासाहेबांच्या जागेवरून उठून राजेरजवाड्यांची चित्रे कशाला पाहायची, असे माझ्या मनात आले. तरी गेलो.

संग्रहालयाची मुख्य इमारत १८९४ ची. शेजारची चित्रशाळा १९०८ मध्ये बांधायला घेतली आणि १९१४ मध्ये पुरी झाली. सयाजीरावांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्यामार्फत युरोपातील चित्रे विकत घेतली होती. पण महायुद्ध पेटले, चित्रे तिकडेच अडकली आणि चित्रशाळा उघडायला १९२१ साल उजाडले.

हे ऐकताना माझ्यातला कारकून सालांची बेरीज करू लागला आणि मी थबकलो. म्हणजे १९१७ साली बाबासाहेब या बागेत बसले होते, तेव्हा ही इमारत तयार उभी होती! समुद्रापलीकडच्या चित्रांसाठी घर बांधून झाले होते आणि समुद्रापलीकडून शिकून आलेल्या माणसाला त्याच शहरात एक खोली नव्हती. मी हे बोललो तेव्हा भाची कितीतरी वेळ गप्प होती.

मग एका जुन्या चित्रासमोर तिने मला उभे केले. चौदाव्या ते सोळाव्या शतकात इटलीत जे नवे वारे वाहिले त्याला प्रबोधनकाळ म्हणतात. तेव्हाचे चित्रकार पॉप्लरच्या लाकडी फळीवर, अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्रे काढीत. पुढे तेलरंग आणि कापड आले. उस्तादाच्या कारखान्यात शिष्यही हात चालवीत. मग चित्र खुद्द उस्तादाचे, शिष्याचे की मागाहून केलेली नक्कल, हे ठरवायचे कसे? मोरेल्ली नावाच्या इटालियन पंडिताने (१८१६-१८९१) युक्ती काढली. तो वैद्यक शिकलेला होता. चेहऱ्याकडे पाहू नका, म्हणे, कान आणि बोटांची नखे पाहा. तिथे चित्रकाराचा हात सवयीने चालतो. "तुम्ही चेकवरची सही ताडून पाहता ना मामा, तसंच."

आता मला गोडी वाटू लागली. चित्राची पाठ तपासायची, ते कुणाकडून कुणाकडे गेले याची कागदपत्रे लावायची, पावसाळ्याच्या दमटीने फळी वाकू नये म्हणून हवा सांभाळायची, प्रकाश मोजून द्यायचा. हिशेबनीसाइतकेच काटेकोर काम हे!

याच संग्रहालयाची धुरा १९३४ ते १९३९ पर्यंत अर्न्स्ट कोन-वीनर या जर्मन कलाइतिहासकाराकडे होती. बर्लिनमध्ये ते सर्वसामान्य लोकांना कला समजावून सांगत. हिटलर आल्यावर केवळ ज्यू म्हणून त्यांना देश सोडावा लागला. जन्मावरून हाकललेल्या त्या माणसाला बडोद्यात मानाचे काम मिळाले. त्यांच्यामागून हर्मन गोएट्झ आले. तेही नाझी राजवटीमुळे मायदेशाला दुरावलेले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे ते पहिले क्युरेटर झाले. महाराजांच्या हुकमाने १९१७ मध्येही नोकरी मिळाली होती. पण शेजाऱ्याचे दार हुकमाने उघडत नाही. ते दार उघडायला माणसेच घडवावी लागतात.

या वाटेवरच्या अडचणी मी लपवीत नाही. जागा थोड्या, भरती रखडत होते. इटालियन भाषा शिकावी लागते, रसायनशास्त्राची तोंडओळख लागते. आपल्याकडे युरोपीय चित्रांचे संग्रहही मोजके. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातील चित्रे आहेत, ती पाहण्यासारखी आहेत. आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे.

परतीच्या गाडीत मी विचारले, "तू क्युरेटर झालीस तर पहिलं काय करशील?"

ती म्हणाली, "चित्राखालची पाटी आईला वाचून समजेल अशी लिहीन."

पिंपळीला पोहोचल्यावर बहिणीने दारातच विचारले, "समजावलंस का रे तिला?"

"नाही गं," मी म्हणालो, "तिनंच मला समजावलं. विद्यापीठाच्या फॉर्मचे पैसे मी भरतो."