सांगणारा कुठे उभा आहे?

पुस्तकांवर मत देणाऱ्या आपण सगळ्यांनी दोन मापं जवळ बाळगलेली असतात. आत्मकथन हाती आलं की आपण ते किती प्रांजळ आहे हे बघतो. कादंबरी आली की पात्रं कितपत जिवंत झाली आहेत आणि कथानकानं शेवटपर्यंत धरून ठेवलं का, हे बघतो. अलीकडे मी मराठीतली काही आत्मकथनं आणि काही कादंबऱ्या मुद्दाम शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. त्यांतल्या काही पूर्वी वाचलेल्या होत्या. 'स्मृतिचित्रे', 'बलुतं', 'जिणं आमुचं', 'आहे मनोहर तरी' ही एका बाजूला, तर 'कोसला', 'बनगरवाडी' आणि 'धग' दुसऱ्या बाजूला. या वाचनानंतर माझं मत पक्कं झालं आहे की ही दोन मापं दोन्ही प्रकारांवर अन्याय करतात. दोहोंना एकच प्रश्न विचारायला हवा: सांगणारा कुठे उभा आहे? जे घडलं त्यापासून तो किती अंतरावर आहे, ते अंतर त्यानं कशासाठी राखलं आहे, आणि ते कुठे मोडतं? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या पानांतच सापडतं, म्हणून त्यावर उभं केलेलं मत दुसऱ्या वाचकाला तपासून बघता येतं.

प्रांजळपणाचं माप आधी घेऊ. लेखकाच्या घरात काय घडलं हे वाचकाला कुठून कळणार? त्याच्या हाती फक्त पुस्तक असतं. 'अगदी प्रामाणिक लेखन' असं आपण लिहितो तेव्हा आपण खरं तर लेखकाच्या शैलीला दाद देत असतो आणि तिला चारित्र्याचा दाखला समजत असतो. सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं तेव्हा याचा चांगलाच प्रत्यय आला. त्यावर महाराष्ट्रात जी चर्चा झाली, तिच्यातला मोठा भाग पु. ल. देशपांडे यांच्याविषयी होता: लाडक्या लेखकाबद्दल पत्नीनं असं लिहावं का, कोणाचं बरोबर, कोणाचं चूक. संसाराचा न्यायनिवाडा झाला आणि पुस्तक बाजूला राहिलं. आज ते वाचताना मला जाणवतं ते वेगळंच. कालक्रमाची शिस्त सोडून आठवणीमागून आठवण येत जाते, आणि नवऱ्याला लावलेली कसोटी ही बाई स्वतःलाही लावत राहते. ती तक्रारदार म्हणून उभी नाही आणि साक्षीदार म्हणूनही नाही. आपल्याच निर्णयांची उलटतपासणी घेणारी म्हणून ती उभी आहे. काही ठिकाणी ही तपासणी इतकी लांबते की तिचं तत्त्वचिंतन प्रसंगाला झाकून टाकतं. तिथे पुस्तक मला सैल वाटतं. हे माझं मत कोणाला पटो वा न पटो, त्याचा वाद निदान पुस्तकाबद्दल होईल, देशपांड्यांच्या संसाराबद्दल होणार नाही.

अंतर राखणं म्हणजे काय हे समजून घ्यायला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'इतकं चांगलं पुस्तक मराठीत नाही. १९३४ पासून ते भागांनी प्रसिद्ध झालं आणि लक्ष्मीबाईंच्या पश्चात त्यांचा मुलगा देवदत्त यानं ते पूर्ण केलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच वडिलांचं सोवळं येतं. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांना विटाळाची धास्ती बसली आणि सगळं घर त्या धास्तीखाली वावरू लागलं. पुढे १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे परत आल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊन, आणि ते एकेक पायरीनं सुटत गेलं. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं लिहिताना त्यांचं वय साठीच्या पुढे होतं आणि त्या सोवळ्यातून कधीच बाहेर पडल्या होत्या. मागच्या अंधश्रद्धांवर कोरडे ओढण्याची पूर्ण सोय त्यांना होती. त्यांनी ती घेतली नाही. वडिलांची धास्ती आणि स्वतःचं अडखळणं या दोन्ही गोष्टी त्या एकाच हसऱ्या, स्वच्छ सुरात सांगतात. त्या जिथे पोचल्या आहेत तिथून मागच्या मुलीला बोल लावत नाहीत, तिला तिच्या वयात आणि तिच्या समजुतीत राहू देतात. टिळकांच्या लहरी आणि घर वाऱ्यावर सोडून निघून जाणं यांचाही हिशेब असाच मांडला जातो. राग झाकलेला नाही, पण निकालही दिलेला नाही. या पुस्तकाच्या ताजेपणाचं श्रेय आपण लेखिकेच्या भाबडेपणाला देतो ते मला मान्य नाही. कुठे थांबायचं हे जिला इतकं नेमकं कळतं ती भाबडी नसते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप दलित आत्मकथनांच्या बाजूनं येतो, आणि तो यायलाच हवा. ज्या लेखनात भूक, अपमान आणि बहिष्कार यांची साक्ष आहे, तिथे 'सांगणारा कुठे उभा आहे' असं विचारणं म्हणजे दुःखाकडे पाठ फिरवून घाटाची चर्चा करणं नाही का? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण असं घडलेलं आहे. आशयाची धग सोसवत नाही म्हणून रचनेच्या गप्पा मारणारी समीक्षा मराठीनं बघितली आहे. पण दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) उघडलं की याचं उत्तर पुस्तकच देतं. तिथे दया पवार थेट बोलत नाहीत. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, पण शिकून लेखक झालेला वेगळा आणि महारवाड्यात व मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला वेगळा. ही जागा पवारांनी विचारपूर्वक निवडली आहे. शिक्षणानं माणसाचे दोन तुकडे कसे केले हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही, पानापानावरची मांडणीच ते सांगते. शिवाय या अंतराचा उपयोग ते स्वतःला वाचवायला करत नाहीत. पत्नीवर घेतलेला संशय आणि तिचा केलेला त्याग हा पुस्तकातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि तिथे दगडू स्वतःची सुटका करून घेत नाही. हे पुस्तक आलं तेव्हा शिकलेल्या दलितांपैकीही काहींनी 'घरातली घाण चव्हाट्यावर कशाला' असं म्हटलं होतं. त्यांची वेदना खरी होती. पण या पुस्तकाला नुसती साक्ष म्हणणारा आणि त्याला नुसती घाण म्हणणारा, दोघंही एकच गोष्ट विसरतात, ती म्हणजे इथे एक लेखक आहे. साक्ष म्हणून गौरवताना त्याचं लेखकपण काढून घेणं हा सन्मान नव्हे.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये प्रश्न उलट्या बाजूनं येतो, कारण तिथे मौन आहे. १९८६ मध्ये पुस्तकरूपानं आलेलं हे लेखन त्यांनी कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. नवऱ्याकडून झालेला जाच त्यांनी नंतर मुलाखतीत बोलून दाखवला, पुस्तकात मात्र त्याला फारशी जागा नाही. प्रांजळपणाचं माप लावलं तर हे आत्मकथन अपुरं ठरेल. जागेचा प्रश्न विचारला की चित्र बदलतं. शीर्षकातच 'आमुचं' आहे आणि आत 'मी'पेक्षा 'आम्ही' बोलतो: वीरगावचा महारवाडा, तिथल्या अंगात येणाऱ्या बाया, आंबेडकरांच्या हाकेनं जागी झालेली वस्ती. त्या 'आम्ही'च्या आत सासुरवाशिणींचे हाल मात्र इतक्या निर्भीडपणे आले आहेत की वाचताना हात थांबतो. जे 'मी' म्हणून लिहिता येत नव्हतं ते त्यांनी 'आम्ही' म्हणून लिहिलं. म्हणून इथलं मौन मला पुस्तकाचं न्यून वाटत नाही, त्या बाईला समाजानं दिलेल्या जागेचा तो पुरावा वाटतो. या जागेची एक किंमतही आहे. 'आम्ही' बोलतो तेव्हा एकेक माणूस वेगळा दिसत नाही, आणि 'बलुतं'मधली माणसं जशी नावानिशी लक्षात राहतात तशी इथली राहत नाहीत. पुस्तक थोर आहे म्हणून हे सांगायचं टाळू नये.

हाच प्रश्न घेऊन कादंबरीकडे वळलं की 'चांगलं कथानक, जिवंत पात्रं' ही भाषा किती तोकडी आहे ते दिसतं. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ला (१९६३) कथानक जवळजवळ नाहीच. खेड्यातला मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि परत जातो. पण पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर हे सगळं सांगताना कुठे उभा आहे हे बघा. तो अजून लांब गेलेलाच नाही. लक्ष्मीबाईंजवळ असलेलं चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर त्याच्याजवळ नाही, म्हणून तो भाषेनं अंतर तयार करतो. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे त्याचे आडोसे आहेत. कधी डायरी, कधी इतिहाससंशोधनाचं सोंग, अशा एकेका आडोशामागून तो बोलतो. आणि मग धाकटी बहीण मनी जाते. तिथे हे आडोसे त्याला पुरत नाहीत, शोक थेट अंगावर येतो. कादंबरीचं सारं वजन या एका ठिकाणी तोललेलं आहे, कारण लपणारा माणूस तिथे उघडा पडतो. 'कोसला' आवडली म्हणणारे बहुतेक जण तिच्या तिरकसपणाची तारीफ करतात. माझ्या मते तो तिरकसपणा मनीच्या मृत्यूसाठीच राखलेला आहे. तो भाग वगळला तर मागे एका हुशार तरुणाची चिडचिड उरेल.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) सांगणारा आहे बाहेरून आलेला तरुण मास्तर. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीत तो शाळा चालवतो, गाव त्याला सामावून घेतं, तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळानं वस्ती उठते. मास्तर वर्णनात कुठेही पाल्हाळ लावत नाही, कारण पाहुण्याला सगळं नव्यानं दिसत असतं आणि तेवढंच तो टिपतो. हा त्या जागेचा फायदा. तिचा तोटा असा की दुष्काळ आला तरी तो मास्तराचा दुष्काळ होत नाही, त्याला परतायला घर आहे. वस्तीतली अंजीसारखी बाई आपल्याला त्याच्या संकोचापलीकडे जाऊन दिसत नाही. याउलट उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) 'मी' म्हणणारा कोणी नाही, तरी निवेदन नायिका कौतिकच्या इतकं जवळ राहतं की तिच्या दारिद्र्यातून आणि तिच्या जिद्दीतून बाहेर पडायला वाचकाला वाट मिळत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत असूनही दोहोंमध्ये दरी पडत नाही, कारण निवेदक तिच्याकडे कधीही वरून बघत नाही. दोन्ही कादंबऱ्या ग्रामीण म्हणून एकाच कप्प्यात टाकल्या जातात. माझ्या दृष्टीनं त्या एकमेकींच्या उलट टोकांवर आहेत, आणि दोहोंमध्ये 'धग' मला मोठी वाटते.

आता कोणी विचारेल, मग खऱ्या-खोट्याला काहीच किंमत नाही का? आहे. आत्मकथनात खऱ्या माणसावर नावानिशी आरोप असेल, तर तो खरा की खोटा हा प्रश्न अटळ आहे आणि तिथे शैलीचा आधार घेता येणार नाही. पण ती तपासणी कागदपत्रांची आणि माहीतगारांची आहे. वाचक म्हणून मत देताना तिचा आव आणू नये. आणि प्रकाराचं नाव किती भरवशाचं असतं? आनंद यादवांच्या 'झोंबी'ला (१९८७) कोणी आत्मचरित्र म्हणतं, कोणी आत्मचरित्रात्मक कादंबरी. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या कागलच्या मुलाची पानं, वर कुठलंही नाव लिहिलं तरी, तीच राहतात. नाव बदलल्यावर ज्याचं मत बदलतं, त्यानं पुस्तकापेक्षा नावच वाचलं असं म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मत हे शेवटी ज्याचं त्याचं, त्याला एवढी शिस्त कशाला? आवडीनिवडीला शिस्त नसते हे खरं, आणि पुस्तक आवडण्यापासूनच सगळी सुरुवात होते. पण आपण मत दुसऱ्याला सांगतो तेव्हा त्याचा वेळ आणि विश्वास मागत असतो. 'भावलं' एवढंच सांगून तो मागता येत नाही. माझ्या कामापुरते मी तीन दंडक पाळतो. मत ज्यावर उभं आहे ती पुस्तकातली जागा दाखवायची. सांगणाऱ्यानं निवडलेल्या जागेनं काय मिळवलं हे लिहिताना तिनं काय गमावलं तेही लिहायचं. आणि आत्मकथनावर लिहिताना त्या आयुष्याला गुण द्यायचे नाहीत. कोणी कसं जगायला हवं होतं हे सांगण्याचा अधिकार पुस्तक वाचल्यानं मिळत नाही. त्यानं ते कसं सांगितलं, यावर बोलण्याचा मात्र पूर्ण अधिकार मिळतो, आणि तो सौजन्यापोटीही सोडू नये. दलित लेखकावर, स्त्रीवर, दिवंगत थोरांवर लिहिताना आपण नुसतं हात जोडून मोकळे होतो, तेव्हा त्यांना लेखक म्हणून वाचायचं राहून जातं. लेखनाला लेखन म्हणून तपासणं हा वाचकानं लेखकाला दिलेला सर्वांत मोठा मान आहे, आणि तो कादंबरीकाराइतकाच आत्मकथन लिहिणाऱ्यालाही मिळायला हवा.