कुठल्या वेव्हलेंग्थला बघायचं?

सर्दीची एक साधी गोळी घ्या आणि पाकीट उलटं करून वाचा. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रीन १०, क्लोरफेनिरामिन मॅलिएट २. म्हणजे एकाच गोळीत एक घटक दुसऱ्याच्या अडीचशे पट! आता ही गोळी विरघळवून एचपीएलसी मशीनला दिली आणि म्हटलं, "छापलंय तेवढं आत आहे का सांग", तर मशीन आधी आपल्यालाच विचारतं, "कुठल्या वेव्हलेंग्थला बघू?"

लॅबच्या मशीनमधला डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे आमच्या टीमचं काम. आमच्या स्क्रीनवर हा प्रश्न म्हणजे तीन आकड्यांचा एक चौकोन. पण सगळा खेळ त्या चौकोनाचाच आहे.

कसं ते बघू. औषधं कॉलममधून एकामागून एक बाहेर पडतात. वाटेत त्यांच्यावर अतिनील प्रकाश पडतो आणि कोणी किती प्रकाश गिळला ते डिटेक्टर मोजतो. त्याचा उंचवटा म्हणजे पीक (शेतातलं नव्हे!). प्रत्येकाची आवड वेगळी. पॅरासिटामॉलला २४३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आवडतो, क्लोरफेनिरामिनला साधारण २६२ आणि फेनिलेफ्रीनला २७२.

मग मोठ्या घटकाचा मान राखून २४३ लावायचं? तिथे पॅरासिटामॉलचा पीक आभाळाला टेकतो. ॲब्सॉर्बन्स २ झाला की शंभरातला एकच टक्का प्रकाश पलीकडे पोचतो, त्याच्या वर मोजायला उरतं काय? आणि २ मिलिग्रॅमवाल्याचं टेकाड शोधावं लागतं ते वेगळंच. म्हणून निवड करायची ती लहानाच्या सोयीने. २६५ च्या जवळपास दोन्ही लहान घटक बऱ्यापैकी दिसतात आणि पॅरासिटामॉल उतरणीला लागलेलं असतं. अर्थात उतरणीवर एखाद-दोन नॅनोमीटर सरकलं तरी उत्तर बदलतं. खाली २१५-२२० ला दोघंही अजून ठळक दिसतात, पण तिथे गर्दी फार. मॅलिएटसुद्धा स्वतःचा पीक काढून बसतं आणि नवखा माणूस त्यालाच औषध समजतो. काही जण सरळ दोनदा तपासतात: एकदा पातळ करून मोठ्यासाठी, एकदा तसंच लहानांसाठी. पीडीए डिटेक्टर असेल तर सगळ्या वेव्हलेंग्थ एकदमच नोंदल्या जातात. तरी रिपोर्टमधला आकडा कुठल्यातरी एकीवरच काढलेला असतो.

पण काही गोष्टी कुठल्याच वेव्हलेंग्थला दिसत नाहीत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले ते ग्लिसरीनमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलमुळे. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात कफ सिरप घेतलेली लहान मुलं गेली, तेव्हाही हेच नाव निघालं. हे रसायन या डिटेक्टरच्या कामाच्या पट्ट्यात प्रकाश गिळतच नाही. औषधाचे पीक एकदम व्यवस्थित, बाकी रेषा सपाट, आणि विष आत! त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीची वेगळी तपासणीच करावी लागते.

सपाट रेषा "काही नाही" असं म्हणत नाही, "इथून मला काही दिसलं नाही" एवढंच म्हणते. लॉगला फिल्टर लावून "एरर नाही" म्हणणाऱ्या आपल्या जमातीला हे वेगळं सांगायला नको.

असो. आमच्या रिपोर्टमध्ये वेव्हलेंग्थ शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात यायची. आता ती निकालाच्या आकड्याला खेटून छापायची असं ठरलंय.