खणातलं पाणी, कोपऱ्यातलं पाणी

पडद्यावरच्या पुराच्या चित्रात अंधेरी सबवेत जेमतेम मांडीपर्यंत पाणी होतं आणि शेजारचे रेल्वेरूळ ओले दिसत होते. अंधेरीत वाढलेल्या माणसाला हे चित्र चुकलंय हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही. सबवे आधी भरतो, रुळांचं नंतर.

पुराचं गणित जाळीवर चालतं. जमिनीचे लहान लहान खण पाडायचे आणि या खणातून त्या खणात पाणी किती गेलं ते मोजत राहायचं. माझ्या गणितात खोलीचा आकडा अख्ख्या खणाला मिळतो. चित्र काढायच्या पॅराव्ह्यू या सॉफ्टवेअरात आकडे दोन जागी राहू शकतात: सेल डेटा खणाचा, पॉइंट डेटा कोपऱ्याचा. खणांचे रंग ठोकळ्यांसारखे दिसतात, बैठकीत दाखवायला बरे वाटत नाहीत. म्हणून मी ‘सेल डेटा टू पॉइंट डेटा’ हा फिल्टर लावला होता. चित्र लोण्यासारखं मऊ झालं होतं.

चूक शोधण्यात अर्धा दिवस गेला. आधी संशय जमिनीच्या उंचीवर, कारण उंचीच्या नकाशात रेल्वेचा भराव सलग भिंतीसारखा येतो आणि खालचा सबवे बुजून जातो. पण तो मी जाळीत आधीच हाताने खोदला होता. मग संशय नकाशाच्या मोजमापावर, म्हणजे 43व्या यूटीएम पट्ट्यावर. तिथे अंधेरीचा उत्तरांक, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, 21 लाख मीटरच्या पुढे जातो, आणि 32 बिटांच्या दशांश आकड्याला तिथे पाव मीटरहून बारीक फरक धरता येत नाही; नाल्याची कड करवतीसारखी दिसू लागते. त्यावर सगळ्या जाळीतून एक मोठा आकडा वजा करतात. तेही मी केलेलं होतं.

शेवटी रंग बाजूला सारून स्प्रेडशीट व्ह्यू उघडला. सबवेच्या खणांत 1.2 मीटर, कोपऱ्यांवर 0.6. फिल्टर प्रत्येक कोपऱ्याला भोवतीच्या खणांची सरासरी देतो. माझ्या जाळीत सबवे एकाच खणाइतका रुंद. प्रत्येक कोपऱ्याचे दोन शेजारी ओले, दोन कोरडे. छातीभर पाणी मांडीवर आलं आणि उरलेलं रुळांवर सांडलं. गणित बरोबर होतं, गुळगुळीत करण्याची हौस माझी.

पावसाच्या नकाशातले ठिपके, म्हणजे मोजणीच्या जागा, तर याहून फसवे. 26 जुलै 2005च्या त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला 73. हे दोनच ठिपके घेऊन मधला रंग सरळ भरला, तर वरळी-परळच्या आसपास पाचशे येतात. तिथे खरंच तेवढा पडला की नाही, याच्याशी त्या पाचशेचा काही संबंध नसतो. पण रंग इतका सुरेख उतरतो की कुणी विचारत नाही. पुढे शहरात स्वयंचलित पर्जन्यमापक वाढले, ठिपके दाट झाले. तरी मी आधी नुसते ठिपकेच काढतो, मध्ये कोरी जागा सोडून. लोकांना ते अपुरं वाटतं. वाटू दे.

सबवेच्या चित्रावरचा फिल्टर काढून टाकला आणि ठोकळ्यांचंच चित्र घरी बाबांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“सबवे ठीक आहे,” ते म्हणाले. “पण मोगरा नाला कुठाय? पाणी तर तिकडून येतं.”

मी जाळी पुन्हा उघडली. नाला होता, पण मधल्या एका खणात बुजलेला.