हुक्का विझला, बिदरी उरली

ऑफिसच्या कामानं लातूर किंवा नांदेडला गेलात आणि मध्येच एक रविवार रिकामा सापडला, तर मॉल शोधत बसू नका. उदगीरवरून पुढे सरळ बीदर गाठा. ‘पण ते तर कर्नाटकात!’ करेक्ट. मात्र १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. म्हणजे जुन्या घरीच चाललोय म्हणा ना!

मी गेलो ते हुक्का बघायला. ओढायला नव्हे हं! नवाबी बैठकीत बिदरीचा मिरवायचा माल म्हणजे हुक्क्याचं पाण्याचं भांडं. आधीची भांडी गोल असायची, ती चुंबळीसारख्या कड्यावर ठेवावी लागत. अठराव्या शतकात घंटेच्या आकाराची आली, ती आपली आपण उभी राहू लागली.

चौबाऱ्याजवळच्या एका कारखान्यात दोन तास बसलो. कारखाना म्हणजे एक खोली, ठोकठोक आणि चहा. जस्त भरपूर आणि तांबं थोडंसं, असा रस मातीच्या साच्यात ओततात. भांडं घासून गुळगुळीत झालं, की त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतात. तेवढ्यापुरता काळा रंग येतो आणि कोरलेली रेघ चमकून दिसते. नुसत्या हातानं, छिन्नीनं वेल कोरायची आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. ही तारकशी. पत्रा बसवला तर तहनिशान.

खरी जादू शेवटी. बीदरच्या किल्ल्यात वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती आणतात. चांगली माती कारागीर जिभेला लावून ओळखतात! ती नवसागरासोबत पाण्यात उकळून भांड्यावर लावली, की धातू काळाकुट्ट होतो; चांदी मात्र तशीच लखलखीत.

हुक्के गेले, जुने बघायचे तर हैदराबादचं सालारजंग म्युझियम आहे. तेच हात आता फुलदाण्या, पेनस्टँड, कानातले घडवतात. बिदरीला २००६ मध्ये जीआय मिळाला, २०२३ मध्ये कारागीर शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री. तरी दुकानात आमच्यासमोरच एका गिऱ्हाइकानं छोट्या डबीचे निम्मे पैसे करून मागितले. आपण कॉफीच्या बिलावर कधी घासाघीस करतो? इथंच का मग? चांदीचा भाव वाढला की आधी कारागिराच्या मजुरीलाच कात्री लागणार ना! मी डबी सांगितलेल्या भावात घेतली. सध्या तिच्यात माझ्या टाचण्या असतात.

कसं जाल : लातूर रोडहून रेल्वेनं उदगीर, भालकी, बीदर. नांदेडहूनही गाडी आहे. गुरुद्वारा नानक झिरा साहिब आणि किल्ला चुकवू नका. कारखाना बघायचा असेल तर आधी विचारा, आणि खरेदी शक्यतो घडवणाऱ्याकडूनच करा.