खुणा

आमचे घर देवगडच्या बंदराजवळ आहे. माझ्या आजोबांची एक लहान वल्ह्यांची होडी आहे. तिला इंजिन नाही. १ जून ते ३१ जुलै मोठ्या यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर त्या लांब दर्यात जातात. आमची होडी मात्र खाडीच्या तोंडापलीकडे जात नाही. नवरात्र संपले, पाऊस गेला आणि पाणी निवळले, की आजोबा तांबोशी गरवायला जातात. गरवणे म्हणजे जाळे न टाकता, हातात तंगूस धरून गरीने मासा पकडणे.

यंदा आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. काका म्हणाले, "होडी विकूया. आता झेपणार नाही." आजोबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत. रात्री मला म्हणाले, "झिला, तुझे डोळे माका देशील? एका दिसापुरते." मला फार आनंद झाला.

आम्ही कोजागरीनंतरच्या अष्टमीला निघालो. अष्टमीला भांग असतो. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते, म्हणून तंगूस सरळ खाली जाते. आजोबांचे भरतीचे गणित सोपे आहे. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुमारे सहाला भरती पुरी. आम्ही पाचलाच होडी लोटली. डोक्यावर अर्धा चंद्र होता. जमिनीकडून मतलई वारा येत होता. अंगावर काटा आला, पण मी बोललो नाही.

तांबोशी मोकळ्या चिखलात मिळत नाही, खडपात मिळते. खडप पाण्याखाली. ते दिसणार कसे? त्यासाठी खुणा असतात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या, की आपण एका रेषेवर असतो. दुसऱ्या बाजूच्या दोन वस्तू तशाच जुळल्या, की दुसरी रेषा. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे नांगर टाकायचा. आमच्या एका रेषेत किल्ल्याजवळचे दीपगृह आहे.

उजाडू लागले. दीपगृहाची खूण जुळली. पण डोंगराच्या बाजूला धुके होते आणि तिकडची मागची खूण मला दिसेना. आजोबांनी विचारले, "खुणो जुळल्यो काय रे?" मला वाटले, नाही म्हटले तर पुढच्या वेळी ते काकांच्या मुलाला आणतील. मी म्हणालो, "व्हय, जुळल्यो."

नांगर टाकला. आजोबांनी गरीला सुंगट लावले आणि शिसे सोडले. पाच वाव तंगूस गेले. मीही सोडले. तासभर बसलो. एकदाही ओढ लागली नाही. ऊन चढू लागले. आजोबा शांत बसले होते. मला काकांचे बोलणे आठवले. आज रिकाम्या हाताने गेलो तर होडी जाणार, आणि ती माझ्यामुळे जाणार. माझा गळा दाटून आला.

शेवटी मी म्हणालो, "आजो, डोंगराकडची खूण जुळली नव्हती. मी खोटा सांगलंय."

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "माका ठावक होता. खडपावर शिसा टक करून वाजता. ह्यो चिखल. हातान तेव्हाच सांगल्यान."

"मगे बोललास कित्याक नाय?"

"तू कधी सांगतस ता बघी होतंय. खूण चुकली तर परत जुळवता येता. डोळेच खोटा बोलले तर होडी खय न्हेवची?"

तोवर धुके विरले होते. मागची खूण पुढच्या खुणेच्या बरीच डावीकडे दिसत होती. आम्ही नांगर काढून वल्ही मारली. मी "अजून, अजून, बस" असे सांगत गेलो. या वेळी शिसे खाली टेकताच माझ्याही बोटाला टक्क असे लागले.

थोड्याच वेळात माझे तंगूस जोरात खाली गेले. आजोबा ओरडले, "उचल! खडपात घुसाक देव नको!" तांबोशी गरी लागताच कपारीकडे धावते आणि तंगूस दगडावर कापून टाकते. माझ्या बोटांना चिरा पडल्या, पण मी सोडले नाही. वर आली तेव्हा तांब्याच्या घागरीसारखी चमकत होती. घरी वजन केले, दोन किलो भरले.

मग आजोबांना एक मिळाली आणि मला आणखी एक, पण माझी वीतभरच होती. आजोबांनी ती हाताने चाचपली. म्हणाले, "सोड तेका. पोर आसा अजून. आताच खाडीतसून भायर पडला." तांबोशीची पिल्ले खाडीत कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन खडपात येतात. मी तिला हलकेच पाण्यात सोडले. ती क्षणभर थांबली आणि दिसेनाशी झाली.

घरी आल्यावर काकांनी विचारले, "खडप कोणी शोधले?" आजोबा म्हणाले, "दोघांनी." त्या रात्री सोलांच्या आमटीबरोबर आजोबा दोन वेळा भात जेवले. होडी विकायचे पुन्हा कोणी काढले नाही. दिवाळीनंतर आजोबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन आहे. तोपर्यंत मीच त्यांचे डोळे.

मित्रांनो, आमच्या बाकीच्या तीन खुणा कोणत्या ते तुम्ही विचाराल. त्या मी इथे लिहिणार नाही. भित्तिपत्रक सगळा गाव वाचतो!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी